पंधराशे रुपये, एक हेडफोन आणि दोनच कान

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी दारात उभी. हातात फोन, फोनवर हेडफोनचे चार फोटो. "काका, तुम्ही दिवसभर कानात घालूनच बसलेले असता. पंधराशेत यातला कुठला घेऊ?"

तिचे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. पोरगी कंबाइनची तयारी करते. सकाळी आठला अभ्यासिकेत जाते, रात्री जेवायलाच घरी. पुण्यात राहणं परवडत नाही, म्हणून पुण्याचा क्लास तिच्या फोनवर येतो आणि फोनवरून कानात. अभ्यासिकेत स्पीकर लावता येत नाही. हेडफोन नसेल तर क्लासच नाही. जुना इअरफोन, दीडशे रुपयांचा, एका बाजूने गेलाय. चार महिन्यांतला तिसरा.

पंधराशे म्हणजे तिच्या अभ्यासिकेची दोन महिन्यांची फी. चुकीचा घेतला तर परत लगेच घेता येणार नाही. मी म्हटलं, "दोन दिवस दे, बघून सांगतो."

दोन दिवसांत गावातली तीन दुकानं फिरलो, ऑनलाइनवर पन्नासेक मॉडेलं चाळली. शेवटी लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या पोरीचा नाही. म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर पूर्ण वाचा, घरात अभ्यास करणारं पोर असेल तर नक्की वाचा.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी एवढा का पेटलोय ते कळेल.

मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि रात्री ऐकून टाइप करायच्या, हे माझं वीस वर्षांचं काम. सभेत भोंग्याशेजारी रेकॉर्डर ठेवलेला, मागे ढोल-ताशे, त्यातून पुढाऱ्याचं वाक्य शोधायचं. स्वस्तातला इअरफोन, नीट न बसणारा. ऐकू येत नाही म्हणून आवाज फुल्ल. शिवाय मिरवणुकांचं वार्तांकन आलंच, डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून. दोन वर्षांपूर्वी रात्री झोपताना उजव्या कानात बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. घरच्यांना विचारलं, कुकर लावलाय का? नव्हता.

डॉक्टरांनी कानाची तपासणी केली. आलेखावर सगळं बरं होतं, फक्त ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली आलेली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाने झालेल्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण. कानाच्या आत साधारण १५,००० केसपेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही. आहे ते सांभाळा. ती शिट्टी आजही आहे. आता हे लिहिताना आहे.

म्हणून कुणी विचारलं की चांगला हेडफोन कुठला, तर मी 'बेस' कसा आहे ते शेवटी बघतो. पहिला प्रश्न एकच: कमी आवाजात नीट ऐकू येतं का? तंग बजेटमध्ये पहिला चांगला हेडफोन घेताना हीच एक कसोटी लावा. बाकी सगळं त्याच्या मागून.

कारण साधं आहे. आपण आवाज का वाढवतो? बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून, किंवा हेडफोन शब्द गढूळ करतो म्हणून. बार्शी–सोलापूर एसटीत बसा. इंजिनाचा आवाज, खिडक्यांचा खडखडाट. कानात सैल बसलेला इअरफोन असेल तर अंगठा आपोआप आवाज वाढवायच्या बटणावर जातो. कानाला पत्ता लागत नाही. हळूहळू तोच आवाज 'नॉर्मल' वाटायला लागतो.

आता थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं एक मानक जाहीर केलं. मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. याच्या पुढचं गणित फार कमी जणांना माहीत आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. १०० डेसिबलपर्यंत गेलात तर अख्ख्या आठवड्यात जेमतेम २० मिनिटं.

आमच्या या पोरीचं गणित घाला. रोज सात तास लेक्चर, आठवड्याचे सहा दिवस. झाले ४२ तास. म्हणजे तिला ८० डेसिबलसुद्धा जास्त आहे. गाणी ऐकणारा हौशी पोरगा दिवसातून तासभर ऐकतो आणि सोडून देतो. अभ्यास करणारं पोर सुटत नाही. त्याचा कोर्सच कानातून चाललाय.

आपल्याकडे सरकारने काहीच सांगितलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सल्ला काढला: हेडफोन-इअरफोनचा आवाज ५० डेसिबलच्या वर नको, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वापर नको, मधे मधे विश्रांती घ्या. हेतू चांगला आहे. पण जरा थांबून विचार करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. म्हणजे बाहेर कायद्याने ५५ आणि कानात सल्ल्याने ५०. ऐकू काय येणार? शिवाय बार्शीच्या बसस्टँडसमोर ५५ डेसिबल कधी होतं, रात्री तीनला?

पण माझं दुखणं वेगळंच आहे. ५० म्हणा, ८० म्हणा. दुकानात उभ्या असलेल्या माणसाने ते मोजायचं कशाने?

मी तिन्ही दुकानांत बॉक्स हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वाचले. काय लिहिलंय ते सांगतो.

एमआरपी ४९९९, त्यावर स्टिकर ८९९. कुणी हसू नका, ही सूट बघूनच माल उचलला जातो. '४० एमएम ड्रायव्हर'. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं. चांगल्या जुळणीचा छोटा ड्रायव्हर वाईट जुळणीच्या मोठ्याला हरवतो. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ'. हे जवळजवळ प्रत्येक बॉक्सवर असतं. माणसाच्या कानाची ढोबळ मर्यादाच ती, त्यावरून हेडफोनबद्दल काहीही कळत नाही. 'एक्स्ट्रा बेस', 'थंडर बेस'. लेक्चर ऐकणाऱ्याला हा गुण नाही, दोष आहे. सरांचा आवाज बेसच्या चिखलात रुततो आणि शब्द कळावेत म्हणून पोरगी आवाज वाढवते.

सगळ्यात मोठी फसगत 'ईएनसी' या तीन अक्षरांत आहे. दुकानदार म्हणतो, "नॉइज कॅन्सलेशन आहे ना साहेब, बघा लिहिलंय." नीट बघा. 'एएनसी' म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी करणारं तंत्र. 'ईएनसी' माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून. तुमच्या कानाला त्याचा शून्य उपयोग. हजार रुपयांच्या मालावर मोठ्या अक्षरात ईएनसी छापतात आणि गिऱ्हाईक एएनसी समजून घेऊन जातं. खोटं कुणीच बोललेलं नसतं. फक्त खरं कुणी समजावलेलं नसतं.

'४० तास प्लेटाइम'. कानातल्या बड्समध्ये पाच-सहा तास आणि बाकीचे डबीतून पुन्हा पुन्हा चार्ज करून. तेही मध्यम आवाजात.

आणि बॉक्सवर काय नाही? जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज निघतो, ते नाही. बॅटरी बदलता येते का, ते नाही. बिघडला तर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, ते नाही. ब्लूटूथच्या मालावर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर असायला हवा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो, आणि तपासाच, कारण नकली माल भरपूर आहे. पण तो नंबर आवाज किती मोठा ते सांगत नाही.

आता मूळ प्रश्न. पंधराशेत काय घ्यायचं? मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, दर सहा महिन्यांनी ती बदलतात. काय बघायचं ते सांगतो, म्हणजे कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

एक. वायरचा घ्या. मला माहीत आहे, वायर म्हटलं की पोरं नाक मुरडतात. पण हजार रुपयांच्या ब्लूटूथमध्ये ते हजार रुपये बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक, चार्जिंगची डबी आणि एलईडी दिव्यांत वाटले जातात. आवाजाच्या वाट्याला उरतं ते उरतं. वायरच्या हेडफोनात सगळा पैसा ड्रायव्हर, वायर आणि बनावटीतच जातो. शिवाय बॅटरी नाही म्हणजे बॅटरी मरणार नाही. रोज चार्ज होणारी ती एवढीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बड्स उघडून ती बदलणारा कारागीर आपल्या गावात नाही.

अमेरिकेतल्या कॉस कंपनीचा पोर्टा प्रो नावाचा वायरचा हेडफोन १९८४ साली बाजारात आला. जवळपास त्याच रूपात आजही विकला जातो, फोम फाटला तर फोम बदलतात. मागच्या दिवाळीला घेतलेले तुमचे बड्स आज कुठे आहेत?

दोन. कानात घालायचा की कानावर? अभ्यासिकेसाठी कानात घट्ट बसणारा बरा. एक तर बाहेरचा आवाज अडतो. दुसरं म्हणजे तुमचा आवाज शेजारच्याला जात नाही. तिसरं कारण खास आपल्या भागाचं: एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामाने निथळतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते रेक्झिन पापड सोलल्यासारखं निघतं. ज्यांना कानात काही घातलेलं सहन होत नाही किंवा कानातून पाणी-पू येतो, त्यांनी मात्र वरून घालायचा घ्यावा आणि आधी डॉक्टरला दाखवावं.

तीन. रबर. हो, ते इअरफोनच्या टोकाचं रबर. बॉक्समध्ये लहान, मध्यम, मोठं असे तीन आकार असतात. नव्वद टक्के लोक जे लावून आलं तेच वापरतात असं माझं निरीक्षण आहे, मीही त्यातलाच होतो. तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना वेगळा आकार लागू शकतो. रबर नीट बसलं की पंख्याचा आवाज एकदम मागे जातो, ते लगेच कळतं. सैल असेल तर चांगल्यातला चांगला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. हे एवढंसं रबर बरोबर निवडलं तर आवाज दोन-तीन घरं खाली आणता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

चार. केबल वेगळी निघते का बघा. इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा वायरीत, पिनेजवळ नाहीतर कानाजवळ. हल्ली हजार-दीड हजारात 'आयईएम' नावाचे इअरफोन मिळतात, वायर कानामागून जाते, कलाकार स्टेजवर घालतात तसे. त्यातल्या अनेकांची केबल दोन पिनांची असते, खेचली की निघते. तुटली तर फक्त केबल नवी घ्यायची. घेताना माइकवाली केबल मागा, क्लासमध्ये शंका विचारायला लागते.

पाच. फोनला गोल पिनेचं भोक आहे का? २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून ते काढलं, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी चेष्टा केली आणि मग एकेक करून आपलंही काढलं. भोक गेलं आणि बड्सचा बाजार फुगला, हा योगायोग तुम्हीच तपासा. भोक नसेल तर टाइप-सी अ‍ॅडॉप्टर लागेल. त्यात दोन जाती आहेत. एकीत 'डीएसी' नावाची छोटी चिप असते, ती फोनमधल्या आकड्यांचा आवाज करते. दुसरीत चिप नसते, ती काही फोनवर चालते आणि काहींवर मुकी राहते. चिपवालाच घ्या आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा. नाहीतर सरळ टाइप-सी पिनेचाच इअरफोन घ्या, पण मग तो जुन्या लॅपटॉपला लागणार नाही हे लक्षात ठेवा.

सहा. बॉक्सवर 'ओहम' लिहिलेलं असतं. १६ ते ३२ च्या आसपास असेल तर साधा फोन तो आरामात वाजवतो. ऑनलाइन सेकंडहँड बाजारात कुणी २५० ओहमचा स्टुडिओचा हेडफोन स्वस्तात दिला तर भुलू नका, फोनवर तो कुजबुजेल.

ज्यांना वायर चालणारच नाही, म्हणजे कारखान्यात काम करणारे, स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बायका, त्यांनी या बजेटात सुट्या बड्सपेक्षा नेकबँड बघावा. बॅटरी मोठी असते आणि एक बड गटारीत पडून जोडी मोडायची भीती नाही. स्वस्त ब्लूटूथला मी सरसकट शिव्या देणार नाही. गावातल्या हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन कानांत वेगवेगळा आवाज ऐकला तो याच मालामुळे. पण गाडी चालवताना आणि रेल्वे फाटक ओलांडताना वायरचा असो की बिनवायरचा, कान मोकळे ठेवा.

तपासायचं कसं? दुकानदार कानातला माल उघडून देत नाही. त्याचंही बरोबर आहे, कुणाच्या कानातला कोण घालणार. मित्राचा मागा, पुसून घ्या आणि ओळखीचंच काहीतरी लावा. भीमसेनजींची एखादी मैफल लावा, गाणं सुरू असताना मागचा तानपुरा सलग ऐकू येतो का बघा. तबल्यात डग्गा आणि चाट वेगळे कळतात का बघा. मग ज्या सरांचं लेक्चर रोज ऐकायचं आहे ते लावा. 'स' आणि 'श' कानात टोचत असतील तर दोन तासांनी डोकं दुखणार. शेवटी फोनचा आवाज निम्म्यावर आणा. पंखा सुरू असताना, निम्म्या आवाजात, प्रत्येक शब्द कळला तर माल घ्या.

घेतल्यावरही दोन सवयी. फोनच्या सेटिंगमध्ये जा, बऱ्याच फोनांत हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालायची सोय असते. साठ टक्क्यांवर कुलूप लावून टाका. आणि हातभर अंतरावर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि तुम्हाला कळलंच नाही, तर आवाज मोठा आहे असं समजा.

इथवर वैयक्तिक सल्ला झाला. आता सार्वजनिक.

कुणीतरी म्हणेल, गावात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि तुम्ही हेडफोनवर काय बोलताय? मी डीजेवर बातम्या लिहिल्या आहेत आणि त्याचं फळही भोगलंय. पण कान दोन्हीचा हिशोब एकाच वहीत लिहितो. मिरवणुकीचे दोन तास आणि हेडफोनचे सात तास, बेरीज तिथेच होते. डीजेविरुद्ध निदान कायदा आहे, रात्री दहानंतर पोलिसांना फोन तरी करता येतो. पोराच्या कानात काय चाललंय त्याची तक्रार कुणाकडे करायची?

आणि हे काही अशक्य काम नाही. छताचा पंखा घ्यायला जा, त्यावर विजेचे तारे असतात. २०२३ पासून ते पंख्यांना सक्तीचे झाले. फ्रीजवर असतात, एसीवर असतात. मीटर जास्त फिरू नये म्हणून सरकार तारे छापायला लावतं, त्याच सरकारला कानासाठी एक आकडा छापून घेता येत नाही? वजनमापाच्या २०११ च्या नियमांनी पाकिटावर एमआरपी, आयातदार किंवा उत्पादक, ग्राहक तक्रारीचा पत्ता छापणं बंधनकारक आहेच. त्याच चौकटीत आणखी तीन ओळी घाला.

पहिली: साध्या फोनवर पूर्ण आवाज केला तर जास्तीत जास्त किती डेसिबल.
दुसरी: बॅटरी किंवा केबल बदलता येते की नाही.
तिसरी: वॉरंटीत बिघडला तर ग्राहकाच्या जिल्ह्यात तो कुठे घेतला जाईल.

युरोपात फोन आणि म्युझिक प्लेअरना ८५ डेसिबलची मूळ मर्यादा असते, ती ओलांडायची तर आधी इशारा दाखवावा लागतो. तिथे २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला काढता यावी असाही कायदा लागू होतोय. त्याच कारखान्यांतला माल आपल्याकडेही येतो. तिकडच्या गिऱ्हाइकाला जे सांगावं लागतं ते इकडच्याला सांगायला लाज का वाटावी?

तिसऱ्या ओळीबद्दल अनुभव सांगतो. माझे ब्लूटूथ बड्स वॉरंटीत असताना एका बाजूने बंद पडले. कंपनीचं नाव सोडा. उत्तर आलं, कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा. नऊशेच्या मालासाठी जाऊन-येऊन कुरिअर आणि तीन आठवडे वाट. मी पाठवले नाहीत. तुम्हीही पाठवले नसते. त्यांनाही ते माहीत आहे.

दरवर्षी २४ डिसेंबरला तहसील कार्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. भाषणं होतात, फोटो निघतो, मी बातमी करतो. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून सुरू केली, ती साखर-तेलाच्या वजनात होणाऱ्या लुटीपासून सामान्य माणसाला सोडवायला. आजचं वजनमाप डेसिबलचंही आहे. यंदाच्या ग्राहक दिनाला या तीन ओळींचं निवेदन मी तहसीलदारांकडे देणार आहे. तुमच्या तालुक्यात तुम्ही द्या. आणि फसवणूक झाली असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा, नऊशे रुपयांसाठीसुद्धा फोन करा. रक्कम छोटी म्हणून आपण गप्प बसतो आणि त्या छोट्या रकमांवरच हा धंदा चाललाय.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक विनंती. जनरेटर खोलीपासून लांब हलवा आणि खडखडणारे पंखे दुरुस्त करा. खोली जितकी शांत तितका पोरांच्या कानातला आवाज खाली येईल. आणि शाळा-कॉलेजांनी कानाच्या तपासणीचं शिबिर डोळ्यांच्या शिबिरासोबतच घ्यावं. चष्मा लागला तर घरच्यांना कळतं. कान गेला तर "पोरगं लक्षच देत नाही" असं म्हणून आपण त्याला रागावतो.

पोरीने शेवटी काय घेतलं ते राहिलं. तिने दाखवलेल्या चार फोटोंपैकी एकही नाही. साडेनऊशेचा वायरचा आयईएम, केबल निघणारी, माइकवाला. तिच्या फोनला भोक नाही, म्हणून चारशेचा चिपवाला अ‍ॅडॉप्टर. एकूण साडेतेराशे. दीडशे उरले, ते तिने परत आईकडे दिले. उजव्या कानाला मध्यम रबर लागलं, डाव्याला लहान.

काल अभ्यासिकेतून येताना गेटपाशी भेटली. मी विचारलं, कसा आहे?

म्हणाली, "काका, पहिले दोन दिवस वाटलं बिघडलाय, बेसच नाही. पण आता आवाज चार घरं कमी ठेवते, तरी सर सगळे कळतात. आणि रात्री कान जड होत नाहीत."

कान जड होत होते, हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या घरातल्या पोराला आज विचारून बघा.